फ्लॅप ४० अंश टाकले की विमान नाक वर करतं आणि उजवीकडे पडतं, काय चुकतंय?

घिरट्या_मास्तर
नमस्कार मंडळी. आम्ही मेकॅनिकल थर्ड इयरची चार पोरं, प्रोजेक्टसाठी आरसी विमान केलंय. पंख १.८ मीटर, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) सरसकट ३० सेंमी, वजन साडेतीन किलो. ग्राउंड लहान आणि एका टोकाला कंपाउंडची भिंत, म्हणून लँडिंग हळू व्हावं यासाठी मागच्या महिन्यात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) बसवले. साधेच, टेपच्या हिंजवर, साडेसात सेंमी रुंद, प्रत्येकी ५४ सेंमी लांब, दोन बाजूंना दोन ९ ग्रॅमवाले सर्व्हो (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरी). स्विचवर ०, २०, ४०. वीसला मस्त चालतं. चाळीस टाकले की आधी नाक वर, विमान उचकी लागल्यासारखं वर उडतं, मग वेग मरतो आणि उजवा पंख खाली बसतो. दोनदा झालं, दुसऱ्यांदा प्रॉप आणि पुढचं चाक गेलं. आता सर म्हणतात स्लॉटेड (पंख आणि फ्लॅपमध्ये फट असलेले) करा, मित्र म्हणतो फाउलर (मागे सरकत खाली येणारे), आणि मला वाटतंय फ्लाइट कंट्रोलर आहेच तर वेगाप्रमाणे अँगल आपोआप बदलणारे फ्लॅप करावेत. पाच आठवडे आहेत हातात. काय करू?

बाल्साकाका
अरे थांब जरा, फाउलर-बिउलर नंतर. तुझ्या विमानाला दोन वेगळे आजार आहेत आणि तू दोन्हीवर एकच गोळी शोधतोयस.

पहिला, नाक वर जाणं. फ्लॅप खाली आला की पंखाचा बाक वाढतो, त्याच वेगाला लिफ्ट (वर उचलणारा जोर) एकदम जास्त मिळते, विमान उडी मारतं. त्यात पंखामागची हवा आणखी खाली ढकलली जाते, ती शेपटीवर आदळते आणि शेपूट दाबली जाते, म्हणजे नाक आणखी वर. तुझं हाय विंग (पंख वरच्या बाजूला बसवलेलं) असेल तर हे जास्तच जाणवणार, सेस्ना १७२ या छोट्या विमानातही हेच होतं. उपाय फुकटचा आहे: ट्रान्समीटरवर फ्लॅपबरोबर थोडा डाउन एलिव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी पट्टी) मिक्स कर आणि फ्लॅप खटकन न पडता दोन-तीन सेकंदांत सावकाश उतरेल असा स्पीड लाव. मिक्स किती ते उंचावर जाऊन ठरव, भिंतीजवळ नाही.

दुसरं म्हणजे ४० चा हट्ट कशाला? साध्या फ्लॅपमध्ये वीसेक अंशांच्या पुढे हवा हिंजच्या कोपऱ्यावरच सुटायला लागते, लिफ्ट फारशी वाढत नाही, ड्रॅग (हवेचा अडथळा) मात्र वाढतच जातो. म्हणजे चाळीस हा ब्रेक समज. वाईट नाही, तीव्र उतारानं खाली यायला कामाचा आहे, पण पुन्हा वर जायची वेळ आली की अंगाशी येतो. जुन्या सेस्ना १७२ ला ४० अंश होते, १९८१ च्या मॉडेलपासून ३० वर आणले.

रेनॉल्ड्स_राव
काकांना अनुमोदन, थोडे आकडे टाकतो म्हणजे सरांना दाखवता येतील. तुमचं क्षेत्रफळ ०.५४ चौ. मी. फ्लॅपशिवाय लिफ्टचा कमाल कोइफिशंट (पंख किती लिफ्ट देऊ शकतो त्याचा आकडा) १.२ धरला तर स्टॉल, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, साधारण ९.३ मीटर प्रति सेकंद. नीट फ्लॅपने तो १.६ झाला तर ८ च्या आसपास. तेराच टक्के, पण घसरत थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे जातं, म्हणजे जवळपास पावभाग कमी, आणि तुमच्याकडे भिंत आहे!

स्लॉटेड केलंत तर तीस अंशांतही हवा चिकटून राहते, पण सगळी मजा फटीत आहे. फट कॉर्डच्या एक-दीड टक्का धरून सुरुवात करा, म्हणजे तुमच्याकडे तीन ते साडेचार मिलिमीटर. फोममध्ये दोन्ही बाजूंना सारखी राखून दाखवा मग बोलू. बरं, "फटीतून ताजी हवा येऊन फ्लॅपवरची थकलेली हवा ढकलते" असं व्हायव्हामध्ये सांगून मोकळे होऊ नका, डग्लस विमान कंपनीच्या ए. एम. ओ. स्मिथनी १९७५ मध्येच दाखवलं की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांभोवतीचा प्रवाह बदलतात, मुख्य फायदा त्यातून येतो.

हँगर_नाइटशिफ्ट
उजवा पंख पडतो त्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी लाइन मेंटेनन्सला आहे, माझा पहिला संशय तुमच्या उजव्या सर्व्होवर.

हिशोब बघा, १५ मीटर प्रति सेकंदाला हवेचा दाब साधारण १३८ पास्कल. तुमच्या मापाच्या फ्लॅपला चाळीस अंशांवर हिंजवर ढोबळ दोन किलो-सेंमी टॉर्क लागेल. ९ ग्रॅमचा प्लास्टिक गिअरवाला सर्व्हो पाकिटावर १.८ लिहितो, तोही अडकून बसताना. म्हणजे हवेत फ्लॅप मागे ढकलला जातोय, आणि दोन्ही बाजूंना सारखा थोडाच ढकलला जाणार? जो कमी उतरला त्या बाजूला लिफ्ट कमी.

मोठ्या विमानांत याची धास्ती असते म्हणून दोन बाजूंना दोन स्वतंत्र मोटरी नसतात. ए३२० मध्ये मधोमध एक ड्राइव्ह, तिथून दोन्ही पंखांत शाफ्ट, आणि दोन बाजूंत फरक दिसला की पंखाच्या टोकाकडचे ब्रेक सगळं जागच्या जागी लॉक करतात. १९७९ ला शिकागोमध्ये डीसी-१० पडलं, २७३ माणसं गेली, त्यात इंजिन तुटून पडताना हायड्रॉलिक लाइन तुटल्या आणि डाव्या पंखाचे पुढचे स्लॅट (पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या) हवेनं आत ढकलले गेले. डावा पंख आधी स्टॉल झाला.

टेस्ट सोपी आहे. विमान उलटं ठेवा, फ्लॅप ४० ला, हिंजपासून पाच सेंमीवर अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगा. किती अंश बसतो ते दोन्हीकडे मोजा.

घिरट्या_मास्तर
काका, राव, सगळ्यांना थँक्स. आणि दादा, बाटली टांगली!! डावा ४० वरून ३३ ला आला, उजवा थेट २४. उघडला तर गिअरचे दोन दात चपटे, शिवाय सर्व्होला फ्लॅपशी जोडणारी पुशरॉडची तार धनुष्यासारखी वाकत होती. आम्ही इतके दिवस सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीवर भांडत होतो.

मग त्या आपोआपवाल्याचं काय, सोडून देऊ?

रेनॉल्ड्स_राव
लँडिंगसाठी सोडा. झोत आला, वेग वाढला, कंट्रोलरनं फ्लॅप वर घेतले, जमिनीपासून दोन मीटरवर लिफ्ट गायब. नकोच. क्रूझमध्ये (उंचावर एका वेगानं सरळ उडताना) मात्र कल्पना चांगली आहे, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० क्रूझमध्ये फ्लॅप अगदी थोडे हलवून पंखाचा बाक जुळवून घेतात. ग्लायडरवाले तर जोरात जाताना फ्लॅप उलटे, वरच्या बाजूला घेतात. नासानं २०१४-१५ मध्ये गल्फस्ट्रीम जेटवर फटी नसलेले, वाकणारे फ्लॅप उडवले, उणे २ पासून ३० अंशांपर्यंत, पण तिथेही एका उड्डाणात एकच अँगल लॉक करून. त्यांनी इतकं जपून केलं, तुम्ही पाच आठवड्यांत उणे २, ०, २ असे तीन अँगल घेऊन बॅटरीचा करंट मोजलात तरी रिपोर्टला छान चॅप्टर होईल.

बाल्साकाका
आणि सर्व्होचा हात असा लाव की फ्लॅप पूर्ण उतरला की हात आणि पुशरॉड जवळजवळ एका रेषेत येतील. मग हवेचा जोर मोटरवर न येता सर्व्होच्या दांड्यावर जातो. मेटल गिअरवाले घे, दोन्ही एकाच लॉटचे. आणि टेपच्या हिंजवर खालून अजून एक टेप मार.

घिरट्या_मास्तर
रविवारी उडवलं. नवे सर्व्हो, ३० अंश, ८ टक्के डाउन मिक्स, उतरायला अडीच सेकंद. पंखावर लोकरीचे धागे चिकटवून शेपटीवर छोटा कॅमेरा लावला होता, तर वीस अंशांना फ्लॅपवरचे धागे सरळ आणि तीसला मागच्या अर्ध्या भागातले नुसते नाचतायत, काका म्हणाले तसंच. मिक्स अजून थोडं जास्त वाटतंय, नाक किंचित खाली जातं, सहावर आणून बघतो. भिंतीच्या बरंच अलीकडे थांबलं पण, पहिल्यांदाच.