जाड फोटो पॅनेलवर एक कड फिकी, एक कड करपट, नक्की काय चुकतंय?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, सब्लिमेशनने (म्हणजे खास शाईने कागदावर छापलेला फोटो हीट प्रेसच्या गरम प्लेटखाली दाबून वस्तूवर उतरवणं) कप आणि टी-शर्ट गेलं वर्षभर करतोय, त्यात फारसा त्रास नाही, पण आता १६ एमएमचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडाच्या भुशाच्या फळीचे) फोटो पॅनेल घेतलेत आणि डोक्याचा पार भुगा झालाय. प्रेस क्लॅमशेल आहे (मागे बिजागरी, पुढे हँडल). १९५ डिग्रीला ९० सेकंद दिले तर फोटोची खालची कड धुतल्यासारखी फिकी, म्हणून १२० केले, तरी तेच, मग वैतागून १८० केले, तर खाली थोडं बरं आलं पण वर पांढरा भाग पिवळट पडला आणि केसांचा काळा रंग चक्क चॉकलेटी. मधेच एका पॅनेलवर सगळ्या चेहऱ्यांना दुहेरी सावली आली ती वेगळीच. सहा पॅनेल गेले आत्तापर्यंत. शाई बदलू का? की पॅनेलवरचं रंग धरणारं कोटिंगच बोगस आहे? पॅनेलची चकचकीत बाजू वर ठेवतो, त्यावर कागद, वरचं संरक्षक प्लास्टिक काढलेलं असतं, एवढं तरी बरोबर करतोय.

तापलेली_प्लेट:
शाईला हात लावू नका आणि टायमर तर आधी परत ९० वर आणा. मला एक सांगा, फोटोची खालची कड म्हणजे तुम्ही प्रेसमध्ये हँडलकडे ठेवता ती का? तसं असेल तर पुढच्या पॅनेलला फोटो उलटा फिरवून ठेवा, म्हणजे डोकी हँडलकडे. फिकी कड फोटोबरोबर फिरली तर दोष कागदात किंवा पॅनेलमध्ये, आणि हँडलकडेच राहिली तर दोष प्रेसमध्ये.

आणि हे करायला पॅनेल वाया घालवायचीही गरज नाही खरं तर. थंड प्रेसमध्ये पॅनेल ठेवा, चारही कोपऱ्यांवर साध्या कागदाची एकेक पट्टी ठेवून प्रेस बंद करा आणि पट्ट्या ओढून बघा. चारही सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत.

निळीशाई:
अहो कमाल आहे! मागच्या दोन पट्ट्या फाटतील पण निघणार नाहीत, आणि हँडलकडच्या दोन्ही अलगद हातात आल्या. पण मग टी-शर्टला कधीच कसं जाणवलं नाही?

तापलेली_प्लेट:
कारण टी-शर्टला जाडीच नाही. क्लॅमशेलची वरची प्लेट मागच्या बिजागरीवर फिरत खाली येते, तोंड मिटल्यासारखी. पातळ मालावर ती मिटेपर्यंत जवळजवळ सपाट होते, पण मधे १६ एमएमचा ठोकळा आला की ती मागच्या कडेला आधी टेकते आणि पुढे फट राहते. मागे प्रेशर जास्त, उष्णता जास्त, पुढे दोन्ही कमी. तुम्ही वेळ वाढवत गेलात म्हणजे पुढचं शिजेना म्हणून मागचं करपवलंत. वेळ वाढवून प्रेशर येत नाही हो.

उपाय म्हणाल तर आधी प्रेशरचा नॉब चांगला सैल करा, टी-शर्टच्या सेटिंगवर जाड पॅनेल दाबून बिजागरी वाकवून घेतलेले लोक मी पाहिलेत. मग पॅनेलखाली फोमसारखा दबणारा सिलिकॉन पॅड घाला, आणि तरी पुढे सैल राहिलं तर फक्त पुढच्या निम्म्या भागाखाली जाड कापडाची एखादी जादा घडी. परत पट्ट्या, परत ओढून बघणं. कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय, नंतर त्या जाडीसाठी नॉबवर मार्करने खूण करून ठेवा.

कागदकाप्या:
मी तर अर्ध्या वेळात प्रेस उघडून पॅनेल १८० अंशात फिरवतो आणि उरलेला अर्धा वेळ देतो, दोन्ही बाजू सारख्या भाजतात, पॅड-बिड काही नाही. वर्षानुवर्षं चाललंय.

तापलेली_प्लेट:
कागद जराही हलला नाही तर चालतं. पण या शाईचा रंग उष्णतेने गॅस होऊन वस्तूत शिरतो, आणि तो गॅस झालेला असताना प्रेस उघडायचा, कागद एका बाजूने केसभर उचलला की दुसऱ्या दाबात तोच फोटो शेजारी परत छापला जातो. निळीशाईंची दुहेरी सावली अशीच आली असणार, फिरवलं नसेल तर प्रेस झटक्यात उघडताना कागद प्लेटला चिकटून उचलला गेला असेल. सवय असलेल्या माणसाचं ठीक, नव्याला मी सांगणार नाही.

कागदकाप्या:
हीट टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) नीट लावली तर काही हलत नाही. पण बरं, नव्या माणसाला जपून, एवढं मान्य.

हळूबाई:
टेप फक्त वरून न लावता कागद पॅनेलपेक्षा थोडा मोठा कापून कडेवरून मागे वळवून लावा, म्हणजे टेपचा ठसा फोटोवर येत नाही. प्रिंटही सगळीकडून ३ एमएम मोठी घ्यायची, नाहीतर पांढरी रेघ राहते.

आणि एमडीएफ आहे म्हणून सांगते, ओलावा. लाकडाचा भुसाच तो, दमट हवेत पाणी धरतो, प्रेसखाली त्याची वाफ होते आणि कागद व कोटिंगच्या मधे अडकली की ढगासारखे डाग येतात, कधी कोटिंगला फोडही. फोटो लावायच्या आधी कोरं पॅनेल वर साधा शाई नसलेला कागद ठेवून थोडा वेळ गरम करून घ्या आणि वाफ जाऊ द्या, छापायचा कागदसुद्धा पाकीट उघडं टाकू नका. मी हे दोन महिने शाईच्या नावाने खडे फोडल्यावर शिकले. वर दर वेळी नवा साधा कागद घ्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या न चिकटणाऱ्या टेफ्लॉन शीटवर जुना रंग राहतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या आकाशात आदल्याच्या साडीचा गुलाबी डाग उमटतो.

काळ्याचं म्हणाल तर चॉकलेटी काळा कच्चा राहिला तरी येतो आणि जळला तरी येतो, म्हणून काळ्याकडे बघून ठरवू नका, पांढऱ्याकडे बघा. पांढरं पिवळलं असेल तर जळलंय.

निळीशाई:
रिपोर्ट देतो. नॉब सैल, पॅड, पुढे एक घडी, पॅनेल आधी गरम करून घेतलं, १९५ आणि ९० सेकंद. काळा काळाच आला, पांढरं पांढरं, सावली नाही. फक्त हँडलकडचा उजवा कोपरा किंचित मंद आहे, मला दिसतो, बायकोला दिसत नाही.

तापलेली_प्लेट:
त्या कोपऱ्यात प्लेटच थंड असेल. डिस्प्ले एकाच जागेचं तापमान दाखवतो, कडा बऱ्याचदा कमी असतात. चिकटवायच्या तापमानपट्ट्या मिळतात त्या लावून बघा, आयआर गनने (लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्राने) बघणार असाल तर चकचकीत धातूवर ती कमीच दाखवते हे लक्षात ठेवा. तोवर पॅनेल थोडं मधे सरकवून ठेवा.

निळीशाई:
बरं. आणि कागद गरम असतानाच काढायचा की गार झाल्यावर?

हळूबाई:
गरमच. टेप सोडवा, एका झटक्यात सरळ वर, घासत नाही. गार होईस्तोवर ठेवलात तर तेवढ्या वेळात रंग आणखी पसरतो. हातमोजे घाला मात्र.