टेलिंग्ज धरणाच्या भरावाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी दीड वर्षापासून ओडिशातील एका लोहखनिज खाणीच्या टेलिंग्ज धरणावर, म्हणजे खनिज धुतल्यावर उरणारा गाळ अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, कनिष्ठ अभियंता आहे. प्रत्येक थराची घनता प्रॉक्टर घनतेच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ठरावीक ठोके देऊन मिळणाऱ्या त्या मातीच्या कमाल कोरड्या घनतेच्या, किमान 95 टक्के असावी ही अट कागदावर पूर्ण होते. परंतु गेल्या आठवड्यात चाचणीचा खड्डा जरा खोल खणला, तेव्हा वरचा थर खालच्या सुकलेल्या, गुळगुळीत थरापासून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. पुढचा थर टाकण्यापूर्वी पृष्ठभाग खरवडून ओला केलेला नव्हता, हे उघड आहे. अशा सांध्यातून पाणी आडवे झिरपू शकते आणि घनतेच्या आकड्यात ते दिसत नाही. ठेकेदाराच्या मुरलेल्या पर्यवेक्षकांपुढे माझा शब्द (खरे तर आवाजच) लहान पडतो. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्योचे धरण 2019 मध्ये फुटून 270 माणसे गेली. ते अपस्ट्रीम पद्धतीने, म्हणजे साठलेल्या गाळावरच नवा बांध रचत, वाढवलेले होते, आमचे तसे नाही, तरीही स्वस्थ बसवत नाही.

असे किती थर उकरून पाहण्याची मागणी रास्त ठरेल? आणि वरिष्ठांनी ‘पुढे बघू’ म्हटल्यावर मी धरणाचा आराखडा करणाऱ्या संकल्पनाकार अभियंत्यांना थेट लेखी कळवावे का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.