क्रुगरला स्वतः गाडी चालवून सफारी : आई आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर आहे, प्लॅन बघून सांगा

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी, पुढच्या वर्षी साउथ आफ्रिकेचं चाललंय. मी, बायको, मुलगी (८ वर्षं) आणि आई (६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त). आत्तापर्यंत जंगल म्हणजे ताडोबा दोनदा आणि पेंच एकदा. ताडोबाला चार सफाऱ्यांत मिळून एक वाघ दिसला, तोही पाठमोरा, तेव्हापासून आई म्हणते आता सिंहच बघू, तो निदान घोळक्याने तरी असतो.

एकूण १० दिवस हातात. केपटाउन ४, सन सिटी १, जोहान्सबर्ग १, क्रुगर (तिथलं मोठं राष्ट्रीय उद्यान) २ आणि उरलेले प्रवासात असा एका एजंटने प्लॅन करून दिलाय. पण ऑफिसातला एक जण म्हणाला की क्रुगरला आपली आपण गाडी घेऊन फिरता येतं, जिप्सी नाही गाइड नाही. हे खरं आहे का आणि झेपेल का? माझा हायवेचा हात चांगला आहे पण समोर हत्ती आला तर काय करायचं ते कोणी शिकवलेलं नाही. मुलीच्या शाळेमुळे मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी, यातलं कुठलं बरं? आणि आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

रानवेडा_नागपूर

अहो दोन रात्रींत क्रुगर म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाला नमस्कार करून परत येणं. ताडोबाचा कोअर ६२५ चौरस किमीच्या आसपास, क्रुगर साधारण साडेएकोणीस हजार! उत्तर-दक्षिण साडेतीनशे किमी लांब आणि आत डांबरी रस्त्यावर स्पीड लिमिट ५०, कच्च्यावर ४०. ५० सुद्धा कागदावरच, कारण खरंच काही बघायचं असेल तर २५-३० च्या वर जाऊच नये, नाहीतर झाडात बसलेला बिबट्या तुम्हाला बघतो आणि तुम्ही पुढच्या वळणाकडे बघता.

सन सिटी सरळ कापा, केपटाउनचा एक दिवस कमी करा, आणि क्रुगरला चार रात्री द्या, पाच जमल्या तर सोन्याहून पिवळं. आणि अख्खं पार्क "कव्हर" करायला जाऊ नका हो, आपल्या लोकांना ती फार वाईट खोड आहे. दक्षिण आणि मधला भाग पुरे. दोन रात्री लोअर साबी कॅम्प, दोन रात्री सतारा, कॅम्प म्हणजे पार्काच्या आतली कुंपणातली राहायची जागा. (आपला सातारा नाही, पण घरी सांगताना सगळे हसतात.) स्कुकुझा (तिथला मुख्य कॅम्प) ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता ४५ किमी असेल फक्त, आम्हाला साडेचार तास लागले. लोअर साबीच्या अगदी बाहेर सनसेट डॅम म्हणून पाणवठा आहे, तिथे गाडी बंद करून बसा. पहिली दहा मिनिटं वाटतं काहीच नाही, नुसते दगड. मग एक दगड जांभई देतो. पाणघोडे!

ताडोबात गाइड कॉल ऐकतो आणि जिप्सी पळवतो, इथे ते काम तुमचं. सगळे जिराफ एकाच दिशेला मान करून खिळल्यासारखे उभे असले की समजायचं तिकडे कोणीतरी आहे. इंपाला (तिथलं हरीण) नाकाने फुस्स करून ओरडला तरी थांबा. आम्हाला सिंह असेच सापडले, सताऱ्याजवळच्या एस १०० या कच्च्या रस्त्यावर, आणि सापडवले कोणी तर माझ्या सासूबाईंनी, चष्मा विसरलेला असताना.

हत्तीचं : तो रस्त्यावर असला की लांबच थांबायचं, इंजिन चालू, मागे जायला जागा मोकळी. कान फडकवून डोकं हलवायला लागला किंवा डोळ्यामागून ओघळ आलेला एकटा नर दिसला तर फोटो राहू दे, शांतपणे रिव्हर्स. हॉर्न अजिबात नाही.

प्राची_ठाणे

एजंटचा प्लॅन आहे ना, मग त्याला आधी एक विचारा की हॉटेल गेटच्या आत की बाहेर. आम्हाला "क्रुगर २ रात्री" म्हणून जे विकलं ते बाहेरच्या गावातलं रिसॉर्ट निघालं, छान होतं, स्विमिंग पूल वगैरे, पण पार्कात नेलं एकदाच, तीन तास, तेही ऊन चढल्यावर. मुलं म्हणाली आई यापेक्षा जिजामाता उद्यान बरं होतं. भांडून काही झालं नाही, व्हाउचरवर लिहिलेलंच होतं "क्रुगर परिसर". त्यामुळे परिसर हा शब्द दिसला की सावध.

आतले कॅम्प सरकारी आहेत, सॅनपार्क्सच्या (तिथल्या राष्ट्रीय उद्यानांची सरकारी संस्था) साइटवरून थेट बुक होतात, जवळजवळ ११ महिने आधीपासून. नदीकडे तोंड असलेल्या खोल्या पटापट जातात. एंट्री फी वेगळी, परदेशी मोठ्या माणसाला दिवसाला पाचशे रँडच्या वर, लहान मुलांना निम्मी. चार-पाच दिवस राहणार असाल तर त्यांच्या वाइल्ड कार्डचा (वर्षभराचा एंट्री पास) फॅमिलीचा हिशोब एकदा करून बघा.

जोबर्गवाली

बारा वर्षं इथे जोबर्गला (जोहान्सबर्ग) आहे, वर्षातून एकदा तरी जातोच म्हणून लिहिते.

मे. डोळे मिटून मे. पाऊस संपलेला असतो, गवत वाळायला लागतं, जनावरं पाण्याकडे सरकतात आणि मलेरियाचा धोकाही इथल्या उन्हाळ्यापेक्षा (म्हणजे आपल्याकडचा हिवाळा, इथे ऋतू उलटे) कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे गोळ्यांचं मुलीच्या आणि आईंच्या डॉक्टरांना निघायच्या महिनाभर आधी विचाराच. जूनच्या शेवटी इथल्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागते मग कॅम्प फुल्ल. दिवाळीच्या वेळी पाणवठे छान चालतात पण ऊन मी म्हणतं, दुपारी गाडीत आईंचे हाल होतील. मे मध्ये अजून एक गंमत, इंपाला नरांचा माजाचा काळ असतो, रात्री खोलीबाहेर असे घोगरे डुरकतात की पहिल्यांदा आम्हाला वाटलं बिबट्याच आला. एवढंसं नाजूक हरीण आणि हा आवाज.

थंडीला हसू नका. पहाटे आठ-दहा डिग्री असते, आईंना शाल, कानटोपी, सगळं घ्या.

गेटची वेळ फार कडक. मे ते जुलै सकाळी ६ ला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद, आणि उशीर झाला तर दंड. शेवटच्या वीस मिनिटांत समोर म्हशींचा तीनशेचा कळप रस्ता ओलांडत असेल तरी ते तुमचं नशीब, म्हणून साडेचारलाच तोंड कॅम्पकडे वळवायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, मधे कुठेही गाडीतून उतरायचं नाही. आईंसाठी हे आधी लक्षात घ्या कारण टॉयलेट कॅम्पात किंवा ठरलेल्या पिकनिक स्पॉटवरच. लोअर साबीहून सताऱ्याला जाताना साधारण मध्यावर त्शोक्वाने हा पिकनिक स्पॉट लागतो, तिथे पाय मोकळे करा. तिथली माकडं मात्र चोरीत तरबेज आहेत, आमची चिवड्याची अख्खी पिशवी एकाने खांद्यावरून हात घालून नेली आणि झाडावर बसून शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले.

जोबर्गहून सकाळीच निघा, पाच-सहा तास धरा, अंधारात हायवे नको. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून. इंग्लिशमधलं लायसन्स चालतं तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, आणि भाड्याच्या गाडीला डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, यावर काउंटरला रडारड झालेली मी पाहिलीये. गाडी शक्य तर उंच घ्या, गवतावरून दिसतं.

कर्वेनगरकर

बापरे, एवढं सविस्तर! सन सिटी उडवलं, बायको आधीपासून तेच म्हणत होती त्यामुळे घरात माझी किंमत अजून थोडी कमी झाली. तीन शंका. एक, विमान आदिस अबाबावरून स्वस्त दिसतंय, दुबईवरून बरंच महाग, घेऊ का? दोन, रात्रीची सफारी असते म्हणतात ती मुलीला चालेल का? तीन, आईचं जेवण राहिलंच.

प्राची_ठाणे

आदिस घेताना यलो फीवरचा विचार करा. इथिओपिया त्या यादीत आहे. तिथे १२ तासांच्या वर थांबलात तर साउथ आफ्रिका सर्टिफिकेट मागते, आणि परत येताना आपल्याकडच्या एअरपोर्टवरही विचारतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, ठराविक सरकारमान्य सेंटरलाच मिळते. पण साठीच्या पुढे ती लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यामुळे तुमच्या आईंसाठी मी दुबई नाहीतर दोहा घेईन, थोडे पैसे गेले तरी.

रानवेडा_नागपूर

कॅम्पातून त्यांच्या मोठ्या उघड्या ट्रकमधून संध्याकाळची राइड असते, वयाची अट ६ वर्षं, म्हणजे मुलगी चालेल. पायी फिरायला नेतात त्याला मात्र १२ पूर्ण लागतात. एक तरी राइड कराच, गेट बंद झाल्यावर जंगलात राहायला मिळतं आणि सर्चलाइटमध्ये डोळे चमकतात ते मुलगी जन्मभर विसरणार नाही.

आणि कॅम्पात एक फळा असतो, कोणाला कुठे काय दिसलं त्याचे रंगीत लोहचुंबक नकाशावर लावतात. मुलीला रोज संध्याकाळी तेच काम द्या. गेंडा त्यावर दिसणार नाही, शिकाऱ्यांना पत्ता मिळू नये म्हणून लावतच नाहीत. तुम्हाला दिसला तर तुम्हीही फोटो लोकेशनसकट कुठे टाकू नका.

जोबर्गवाली

जेवणाचं सोपंय. बुकिंग करताना किचन असलेला बंगला बघून घ्या, शेगडी, फ्रिज, भांडी असतात. रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी म्हणजे चिप्स आणि सॅलड, दोन दिवसांत आई कंटाळतील. जोबर्गला फोर्ड्सबर्गमध्ये डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं, भाजी वाटेत नेलस्प्रुटला भरा. घरून फक्त छोटा कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट आणा. मी दर वेळी मुगाची खिचडी लावते आणि शिट्टी झाली की शेजारचे गोरे काका उठून बघतात. रात्री काही खाण्याचं बाहेर ठेवू नका, तरस कुंपणापाशी येतं आणि हनी बॅजर (मुंगसासारखा दिसणारा एक दांडगट प्राणी) कचऱ्याचे डबे उलटे करतो.

कर्वेनगरकर

आईला वाचून दाखवलं. कुकर आत्ताच काढून ठेवलाय, मे यायला सात महिने आहेत. ती विचारते की इलेक्ट्रिक किटली न्यायची तर तिथला प्लग कसला असतो?

जोबर्गवाली

जाड गोल तीन पिनांचा, आपल्या गीझरचा १५ अँपिअरचा असतो ना अगदी तोच. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून साध्या पिनेचं कन्व्हर्टर घ्या, एअरपोर्टवर घेऊ नका. आणि किटली आणू नका, बहुतेक खोल्यांत असते.