अनुभव धागा (क्लॅश ऑफ क्लॅन्स): जमलेल्या क्लॅनमध्ये जायचं की आपला काढायचा?

धाकटा भाऊ परवा म्हणाला, "दादा, आमच्या वर्गातले नऊजण आहेत. क्लॅन काढू का?" मला पटकन हो म्हणवेना. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइल गेम, त्यात क्लॅन म्हणजे खेळाडूंचा गट. मी तो २०१४ पासून खेळतोय, क्लॅन वॉर (दोन क्लॅनमधली लढाई) आलं त्या वर्षापासून. दोन्ही करून बघितलंय, पण माझ्या एकट्याच्या अनुभवावर त्याला काय सांगू? सातारा-सांगलीकडच्यांनो, आपापलं लिहा. त्याला वाचून दाखवणार आहे.

कोरेगाव: मी जमलेल्या क्लॅनमध्ये गेलो. दोनदा रिक्वेस्ट नाकारली, तिसऱ्यांदा घेतलं. क्लॅन लेव्हल १० चा, म्हणजे डोनेशनमध्ये (क्लॅनमधल्यांनी दिलेले) ट्रूप, म्हणजे सैनिक, दोन लेव्हल वरचे मिळतात. नवख्याला हा केवढा आधार! त्याहून मोठं म्हणजे, माझा फसलेला अटॅक बघून एका को-लीडरनं (लीडरच्या खालोखालच्यानं) सांगितलं, "हीलर आधी सोडलेस, एअर डिफेन्स तसाच होता." (हीलर उडत बाकीच्या ट्रूपना बरं करतात, एअर डिफेन्स उडणाऱ्यांना पाडतो.) असं सांगणारं माणूस नव्या क्लॅनमध्ये कुठून आणणार? नियम मात्र कडक. वॉरचे दोन्ही अटॅक करायचेच. बारावीच्या वेळी आधी कळवलं तर तीन महिने वॉरमधून बाहेर ठेवलं, काढलं नाही.

सांगली, गावभाग: आमचा क्लॅन गल्लीतल्या अकरा पोरांचा. लीगला (सलग सात वॉरच्या स्पर्धेला) किमान १५ लागायचे, म्हणून चार मावसभाऊ-आतेभाऊ ओढून आणले. लीग महिन्याच्या सुरुवातीला असते. ऑगस्ट २०१९ ची चालू होती आणि इकडे कृष्णा चढत होती. दोन वॉर झाली, मग लाईट गेली. लीगमध्ये रोज प्रत्येकाला एकच अटॅक असतो, आमच्यातले नऊजण पाण्यात अडकलेले. उरलेली पाचही वॉर हरलो. पण ज्याचा फोन चार्ज व्हायचा तो क्लॅन चॅटवर लिहायचा: "मी विश्रामबागला मावशीकडे." "आजीला बोटीतनं काढलं." सांगलीवाडीतला एकजण तीन दिवस काहीच लिहीत नव्हता. चौथ्या दिवशी त्याचं नुसतं "आहे" आलं, तेव्हा मी खरंच रडलो. तो क्लॅन मी आजही सोडलेला नाही. लेव्हल कमी आहे, असू दे.

कराड: आम्ही काढला होता, बुडाला. विश्वासानं एका मित्राला को-लीडर केलं. भांडण झालं आणि एका रात्रीत त्यानं सतराजणांना किक केलं, म्हणजे क्लॅनमधून काढलं. भावाला सांगा, को-लीडरपद मैत्रीवर देऊ नकोस, सहा महिन्यांचं वागणं बघून दे.

वाई: मी मुलगी आहे हे कळल्यावर एका मोठ्या क्लॅनच्या चॅटवर नको ते प्रश्न सुरू झाले. लीडरला सांगूनही थांबेना, मग बाहेर पडले. दोन बहिणी आणि हॉस्टेलवरच्या दोघी मिळून पाचजणींचा क्लॅन काढला. वॉरला पाच पुरतात. वॉरमधले तारे (गुण) थोडे कमी मिळतात, पण चॅट उघडताना पोटात गोळा येत नाही.

सातारा (धागा काढणारा): सगळं वाचून दाखवलं. गावभागाचं दोनदा वाचायला लावलं त्यानं. क्लॅन काढायचाच म्हणतोय, पण आधी नऊजण थोडं शिकून यायला तयार आहेत. कोरेगावकर, तुमच्या क्लॅनमध्ये ५० जण भरलेत का? दोन जागा असतील तर सांगा, बाकीच्यांसाठी दुसरीकडे विचारतो.