कोन फिल्टर लावला, मेन जेट किती वाढवू?

प्रश्न: बाइकचा एअरबॉक्स (मूळ एअर फिल्टरचा डबा) काढून कोन फिल्टर (उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसवलाय. स्लाइडचा कार्बोरेटर, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य छिद्र) ११० नंबरचा. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. किती नंबर वाढवू?

उत्तर १: हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झालंय. पण अर्ध्या थ्रॉटलला मुख्य काम नीडलचं, म्हणजे स्लाइडला लावलेल्या सुईचं. तिच्यावरची क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर येईल. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे. ११५, मग १२०, एकेक पायरीनंच. फुल थ्रॉटलवर चालवून क्लच दाबा, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढा. पांढराफटक असेल तर अजून लीन, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त झालं.

उत्तर २: फटाके बहुधा पायलट सर्किटचे (थ्रॉटल बंद किंवा थोडा उघडा असताना पेट्रोल देणारा मार्ग). कार्बोरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, उघडला की रिच (पेट्रोल जास्त). फिल्टरच्या बाजूचा हवेचा, त्याचं उलटं. पेट्रोलचा स्क्रू तीन आट्यांहून जास्त उघडावा लागला तर पायलट जेट एक नंबर मोठा घ्या. आणि हो, आधी मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं) रबर बघा! तडा असेल तर ही सगळी मेहनत पाण्यात.

उत्तर ३: जुन्या जेटला ड्रिल मारू नका. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर कंपन्यांचे जेट नंबरही एकमेकांशी जुळत नाहीत.