उतारावर न्यूट्रल नको, वेग आवरा

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, असं एकांनी लिहिलंय. कृपया हे करू नका. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) काळात त्यात तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर बंद होतात आणि चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, शिवाय इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधल्या इंजिनामुळे वेगाला बसणारा आळा, जातं आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

हायवेवर खरा खेळ वेगाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग फक्त सव्वापट होतो, विरोध मात्र दीडपटीहून जास्त. आणि १०० किलोमीटरच्या प्रवासात वाचतात किती, तर १५ मिनिटं! मला हा सौदा कधीच पटला नाही.

म्हणूनच रिकामा कॅरिअर टपावर मिरवू नका, सामान नसलं तरी तो हवा अडवतोच. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. योग्य आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. एसीचा फार बाऊ नको, भरधाव वेगात उघड्या काचाही महागच पडतात.

आणि अ‍ॅव्हरेज डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नका. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुन्हा टाकी फुल, मग धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागाकार. असं चार-पाच वेळा केलंत की खरा आकडा कळतो.