लेक निपिसिंगला आठवडाभर फिशिंग: नवऱ्याला पिकरेल हवाय, मला अस्वल नकोय

पुणेरी_इन_मिसिसागा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. नवरा मालवणचा, लहानपणापासून खाडीत गरी टाकून बसणारा, इथे आल्यापासून जवळपासच्या तलावांवर वीकेंडला जातोच, पण आता म्हणतो उत्तरेकडे ओंटारिओतल्याच नॉर्थ बेच्या बाजूला लेक निपिसिंगवर केबिन घेऊ, बोट भाड्याने घेऊ आणि आठवडाभर दोघंच राहू. मला तळ्याकाठी राहायला आवडेल हो, पण माझा माशाशी संबंध तो ताटात आल्यावर सुरू होतो. तर मेअखेरीस जावं की ऑगस्टमध्ये? अस्वलं केबिनपर्यंत येतात का? आणि मासे साफ केल्यावर ती सगळी घाण टाकायची कुठे, वासाने काही येणार नाही ना? मी दिवसभर बोटीत काय करायचं हा प्रश्न आहेच, पण तो नवऱ्याला विचारलाय, तो म्हणाला "गप्प बसायचं". 🙄

गळ_आणि_गप्पा
मेअखेर! पिकरेलचा, म्हणजे वॉलाय माशाचा, सीझन तिकडे मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, तेव्हा मासा अंडी घालून नुकताच मोकळा झालेला असतो आणि उथळ पाण्यात असतो, काठाजवळ मिळतो. दिवस मावळताना जा, भर ऊन त्याच्या डोळ्यांना सहन होत नाही, टॉर्च मारलात तर ते मांजरासारखे चमकतात. एक मात्र लक्षात ठेवा, निपिसिंग एवढा मोठा पण सरासरी खोली जेमतेम साडेचार मीटर, त्यामुळे वारा सुटला की बघता बघता लाटा उठतात, सकाळी आरशासारखं पाणी होतं म्हणून दुपारी लांब जाऊ नका. खाडीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण तो "हे तळं तर आहे" म्हणतो, माझा मेव्हणा असंच म्हणाला होता. लाइफ जॅकेट माणशी एक लागतंच, मोटरबोट चालवायला ऑपरेटर कार्ड लागतं किंवा भाड्याने देणारा चेकलिस्ट समजावून सही घेतो. आणि वहिनी, नुसतं बसणार असाल तर लायसन्स नको, पण "धर जरा" म्हणून रॉड हातात घेतलात की तुमचंही लागेल. कन्झर्वेशनवालं स्वस्त असतं, ठेवून घ्यायच्या माशांची मर्यादा कमी, पण दोघांच्या ताटाला पुरतं. किती आणि केवढा मासा ठेवायचा ते निघायच्या आधी त्या मासेमारी झोनचे, म्हणजे ११ चे, चालू वर्षाचे नियम बघूनच ठरवा.

सडबरीची_काकू
मेअखेर अजिबात नको. वरचे भाऊ ब्लॅकफ्लायचं नावसुद्धा काढत नाहीत, पुरुषांना मासा लागला की दुसरं काही दिसत नाही. वाहत्या पाण्यात जन्मतात त्या माश्या, मेच्या मध्यापासून जूनपर्यंत नुसता धुमाकूळ, कानामागे आणि केसांच्या कडेला चावतात, चावताना कळत नाही, नंतर रक्त दिसतं. गडद रंगाचे कपडे घातले की जास्त येतात. रात्री चावत नाहीत पण तोवर डास हजर होतात.

अस्वलांचं ऐका. काळं अस्वल तुमच्यासाठी येत नाही, वासासाठी येतं. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी पिकते, ती बरी असली तर तिथेच रमतं, बेरीचं वर्ष वाईट गेलं की कचऱ्याच्या डब्याकडे वळतं. त्यामुळे माशाची आतडी-डोकी केबिनच्या मागे पुरू वगैरे नका, बहुतेक लॉजवर मासे साफ करायची वेगळी जागा असते तिथेच करा, नसेल तर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये आणि कचऱ्याच्या दिवशीच बाहेर. बार्बेक्यूवरचं तेलही पुसून ठेवा. समोर आलंच तर पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून मोठ्याने बोलत मागे सरका.

आणि माझ्या डोळ्यासमोर घडलेलं सांगते. ह्यांनी पकडलेले मासे दोरीत ओवून धक्क्याला बांधले आणि चहाला वर आले. मी खाली वाकून बघते तर पाण्यातून परातीएवढं कासव वर येतंय, चोच उघडली, माशाचं पोट धरलं आणि पुढच्या पायाच्या नखांनी ओढून ओढून फाडतंय, शांतपणे, आमच्याकडे बघतसुद्धा नाही. स्नॅपिंग टर्टल! मी ओरडले, हे चहाचा कप घेऊन धावले, तोवर दोरीला नुसती डोकी राहिली. मासे आइसबॉक्समध्येच ठेवा. आणि त्या कासवाच्या तोंडाजवळ हात नेऊ नका, मान बरीच लांबते त्याची.

थोडा_पक्षीवेडा
बोटीत काय करायचं याचं उत्तर: दुर्बीण न्या. लून बघा, इथल्या डॉलरच्या नाण्यावरचा पाणपक्षी, जुलैपर्यंत गेलात तर पिल्लं पाठीवर बसवून फिरवताना दिसतो. रात्री त्याची हाक ऐकून पहिल्यांदा दचकाल, कोणीतरी रडतंय वाटतं. नवऱ्याला सांगा शिशाचं वजन दोरीला लावू नको, हे पक्षी अन्न दळायला तळातले खडे गिळतात, त्यात शिशाचा गोळा गेला की विषबाधा होऊन मरतात. टिनची वजनं मिळतात.
हायवे ११ वर अंधारात गाडी सावकाश. मूस म्हणजे इथलं भलंमोठं हरीण, उंच आणि काळपट, डोळे हेडलाइटच्या वर राहतात, अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

पुणेरी_इन_मिसिसागा
काकू, कासवाचं वाचून नवरा खूश झालाय, म्हणतो तेच बघायला जाऊ!! 😂 मग ऑगस्टअखेर चालेल का, तेव्हा पिकरेल लागतो का?

गळ_आणि_गप्पा
लागतो, पण उन्हाळ्यात खोल पाण्याकडे सरकतो. फ्रेंच रिव्हरच्या तोंडाजवळ तलाव सगळ्यात खोल आहे, त्या बाजूची केबिन बघा. काकूंचं माश्यांबाबतचं मान्य, पण मेची मजा वेगळीच.

सडबरीची_काकू
मजा चावलेल्या मानेला विचारा. आणि हो, रवा, तिखट, हळद, आमसूल घरून न्या. तिरफळ नको, पिकरेल नाजूक चवीचा आहे, बांगडा नव्हे. परतताना मासे आणणार असाल तर केबिनवर तुकडे करून भरू नका, वाटेत तपासणारा अधिकारी मोजतो आणि मापतोही.